बारा पन्नासची नोंद

"नुपूऽर! ए नुपूर, आधी इकडे ये बघू!" अशी हाक आली आणि विभावरी वळली. हातात कढीपत्त्याची जुडी तशीच. दोहातल्या अल मुंतझातलं नेहमीचं केरळी दुकान, बुधवारची सकाळ, बाहेर नऊ वाजताच डोळे मिटायला लावणारं ऊन आणि आत भाजीपाशी हाडं गारठवणारा एसी. वळली म्हणजे नुसती मान नव्हे, अख्खी वळली, आणि तोंडातून "आले" असं अर्धवट निघूनही गेलं. हाक मारणारी बाई तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. तिथे एक चार-पाच वर्षांची पोर चिप्सच्या पाकिटांना हात लावत उभी होती. आता काय करायचं! विभावरीने ओशाळून जुडी नाकाशी नेली, जणू वास घ्यायलाच वळली होती. ते नाव सुटून एकोणीस वर्षं झाली होती. आई होती तोवर फोनवर चुकून 'नुपू' म्हणून जायची आणि लगेच जीभ चावायची. आई गेली, तेही खलास. लेकीला, ईराला, तर आईचं आधी दुसरं नाव होतं हे ठाऊकही नव्हतं. कधी विषयच निघाला नाही, आणि विषय काढावा असं त्यात होतं तरी काय? कढीपत्ता घेतला आणि ज्यासाठी आलो होतो ते दही तसंच राहिलं.

लग्नात ताटातल्या तांदळावर गिरीशने अंगठीने 'विभावरी' लिहिलं, ते तिला लख्ख आठवत होतं. 'नुपूर' सासूबाईंना पसंत नव्हतं. नाचगाण्याचं वाटतं, म्हणाल्या होत्या. फोटोवाला म्हणाला, वहिनी, जरा हात बाजूला घ्या, नाव दिसू दे. सगळे हसत होते, तीही हसत होती. हौसच होती तेव्हा. तिसऱ्या दिवशी नाशिकच्या घरात स्वयंपाकघरातून "विभावरीऽ" अशी हाक आली आणि ती "आले" म्हणून उठली. संपलं. कुठे दुखलं नाही, खुपलं नाही. मग आज एका परक्या बाईच्या हाकेने दही विसरावं? छे, चित्त सोमवारपासूनच थाऱ्यावर नव्हतं. हाकेने ते नुसतं उघडं पडलं. टॅक्सीची वाट बघत ती सावलीच्या पट्ट्यात उभी राहिली. समोर रस्ता उकरलेला, पलीकडे मेट्रोचे पत्रे, त्यामागे तीन क्रेन. अख्खं शहरच असं उकरून ठेवलेलं, दोन हजार बावीसच्या पाहुण्यांसाठी. ईराच्या शाळेतसुद्धा वर्ल्डकपला किती दिवस उरले त्याचा फलक होता. आणि त्या तयारीत कुठेतरी एका स्टेडियमच्या अर्धवट छपरावर, सोमवारी दुपारी, देवीदास.

देवीदास लातूरकडचा, परांच्या बांधणारा. दोन वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत भेटला आणि मग त्यांच्या घरच्या मखराचं काम त्यानेच अंगावर घेतलं. सुट्टीच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, कामगारांच्या कॅम्पवरून दोन बस बदलून यायचा, आधी अर्धा तांब्या पाणी घटाघटा प्यायचा आणि मग कामाला लागायचा. गेल्या शुक्रवारीच तर आला होता. हॉलमध्ये पाइप उभे करून सुतळीने गाठी मारत म्हणाला होता, "ताई, ही गाठ सुटायची न्हाई बगा. सुटली तर म्हणा देवीदास खोटारडा व्हता." उरलेलं पुढच्या शुक्रवारी, म्हणाला. सोमवारी चार वाजता गिरीश घरी आला. तो सातच्या आत कधी येत नाही. बूट न काढता सोफ्यावर बसला. गिरीश त्याच कामावर सेफ्टी इंजिनियर, बूट-हेल्मेटच्या बाबतीत घरातही पोलीस. आणि आज त्याच्या बुटांची वाळू गालिच्यावर. "देवीदास गेला," एवढंच तो म्हणाला, आणि मखराच्या पाइपांकडे बघत राहिला. उन्हाळ्यात साडेअकरा ते तीन उघड्यावर काम करायचं नाही, असा सरकारी नियम. पण मंगळवारी कुणी मोठे पाहुणे बघायला येणार होते आणि वरची एक ताडपत्री सुटून फडफडत होती. मुकादमाने तिघांना वर पाठवलं, दहा मिनिटांचं काम म्हणून. दहाची चाळीस मिनिटं झाली. देवीदास खाली बसला, मग आडवा झाला. गिरीशला कळलं तेव्हा तो जिने चढत धावला. पोचला तेव्हा हातातल्या घड्याळात बघून त्याने सवयीने वहीत वेळ टाकली होती: बारा पन्नास. "अंग तव्यासारखं होतं गं. आणि वरचा पाण्याचा कॅन रिकामा. ठणठणीत रिकामा, विभा." खाली आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

आणि कंपनीच्या कागदात मात्र देवीदास जेवून विश्रांतीच्या खोलीत आडवा झाला होता, एसीत, आणि तिथे त्याचं हृदय बंद पडलं होतं. वेळ दोन वाजून दहा मिनिटं. कागदाखाली ड्यूटीवरच्या सेफ्टी इंजिनियरची सही हवी होती, गुरुवारी दुपारपर्यंत. मॅनेजर म्हणाले, गेलेला माणूस काही परत येत नाही. धमकी? छे, धमकी कुणी दिली नाही. एचआरच्या हमीदने समोर बसवून करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा पाजला, ईराच्या बोर्डाच्या परीक्षेची चौकशी केली आणि सहज बोलल्यासारखं म्हणाला, "आपके फॅमिली का आरपी अगले महिने है ना? हो जाएगा, इन्शाल्ला." बास, एवढंच! आरपी म्हणजे इथे राहायचा परवाना; इथल्या कुणालाही पुढचं सांगावं लागत नाही. गिरीशची नोकरी म्हणजे गिरीशचं राहणं. त्याच्या राहण्याला विभावरीचं आणि ईराचं राहणं टाचलेलं. आणि देशाबाहेर पाऊल टाकायचं तरी कंपनीचा कागद लागतो. ओळखीतले एकजण कंपनीशी वाकड्यात शिरले तर आठ महिने ना इथले ना तिथले, असे लोंबकळत राहिले होते. बायको-मुलं तिकडे, हे इकडे. गिरीश सोमवारपासून एकच वाक्य बोलत होता, "मी सही करणार नाही." आणि ते ऐकलं की विभावरीला त्याचा अभिमान वाटायचा आणि त्याच क्षणी त्याला गदागदा हलवावंसंही वाटायचं.

दहाला ती मदिनत खलीफातल्या व्हिलात, आपल्या कामाच्या जागी पोचली; तिथे एसीच्या घरघरीखेरीज आवाज नसे. आडेलहाइडबाई खिडकीजवळच्या खुर्चीत, मांडीवर शाल, काठी खुर्चीला टेकवलेली. वय सत्त्याहत्तर. मुलगा छपरांच्या कामातला सल्लागार, दोहात आला तेव्हा मोडक्या खुब्याच्या आईला एकटं कुठे ठेवायचं म्हणून घेऊन आला. बाईंची नजर गेलेली, आणि लहानपणीच्या गढीतल्या दिवसांचं पुस्तक लिहायचं डोक्यात. विभावरी पुण्यात अकरा वर्षं जर्मन शिकवत होती, हे मंडळातल्या कुणीतरी त्यांच्या मुलाच्या कानावर घातलं. तेव्हापासून आठवड्यातून चार दिवस दहा ते बारा. त्या सांगायच्या, ही लॅपटॉपवर जर्मनमध्येच उतरवून वाचून दाखवायची. फॉन हाल्डेनरोड हे त्यांचं घराणं. तेव्हाच्या जर्मनीत, ओडर नदीपलीकडे, चारशे वर्षांची जहागीर, घोडे, चेरीची झाडं, चाळीस खोल्या. वडील सैन्यात मोठ्या हुद्द्यावर. चव्वेचाळीसच्या जुलैत हिटलरला मारायचा कट फसला, त्यात ते होते. ऑगस्टात त्यांना फाशी दिली. आणि मग पाळी आली घराण्याची. आजी, दोन काका, आई, सगळ्यांना उचललं. झिपेनहाफ्ट, बाई म्हणाल्या होत्या. एकाने केलं त्यासाठी सगळ्या कुळाला धरायचं. ह्याला मराठीत काय म्हणावं म्हणून विभावरीने दोन दिवस डोकं खाजवलं होतं आणि 'कुळाची अटक' इथवर येऊन थांबली होती. पाच वर्षांची आडेलहाइड आणि दोन वर्षांचा फ्रिट्झ ह्यांना हार्झच्या डोंगरातल्या बालगृहात टाकलं. तिथे पहिल्याच संध्याकाळी सांगितलं, तुमचं नाव आजपासून हे नाही, ते. आडेलहाइडची ऊर्सुला झाली, फॉन हाल्डेनरोडचं नुसतं लांगे झालं. "दोन दिवस मी ओ दिली नाही," बाईंनी गेल्या आठवड्यात सांगितलं होतं. "तिसऱ्या दिवशी सूप वाढताना त्यांनी ऊर्सुला म्हटलं आणि मी ताटली पुढे केली." तेव्हा टाइप करता करता विभावरीला नाशिकच्या घरातलं आपलं 'आले' आठवलं होतं आणि पाठोपाठ स्वतःचा रागही आला होता. कुठे ती लेकरं आणि कुठे लग्नातली हौस! कशाशी काय जोडतेस गं बाई, काही लाजलज्जा?

आज मात्र जोडल्याशिवाय राहवेना. बाई आज आईबद्दल बोलत होत्या. तुरुंगात आईपुढे एक अधिकारी आला, सभ्य माणूस होता, आईला बसायला खुर्ची दिली त्याने. एक कागद पुढे सरकवला. त्यावर तीन ओळी. माझा नवरा देशद्रोही होता. त्याच्या घराण्याशी आणि नावाशी माझा संबंध नाही. माझी मुलं मी सरकारशी निष्ठावान राहतील अशी वाढवीन. सही केलीत तर येत्या रविवारी मुलं तुमच्या मांडीवर. "आईने सही केली नाही," बाई म्हणाल्या. विभावरीची बोटं चालत होती. "डिसेंबरात फ्रिट्झला घटसर्प झाला. चार दिवसांत गेला. मी दाराच्या फटीतून बघत होते. त्याला पुरलं ते दुसऱ्याच नावाने. लढाई संपल्यावर आई ती कबर शोधत गेली तेव्हा पाटीवर लांगे." बाईंनी काठी उचलली, पुन्हा टेकवली. "तिच्या नावाची शाळा आहे गावात. दर वर्षी मला बोलावतात. केवढी धीराची बाई, म्हणतात. मी फुलं वाहते. आणि बहात्तर वर्षं माझ्या मनात एकच आहे, का नाही केलीस सही? तीन ओळी होत्या, आई. तीन ओळी!" विभावरीची बोटं थांबली. "हे लिहू?" तिने विचारलं. "लिहा," बाई म्हणाल्या. "आणि आज पुरे. मी थकले." तिने वाक्य लिहिलं, वाचून दाखवलं, लॅपटॉप मिटला. टॅक्सीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला हलकं वाटतंय. सोमवारपासून पहिल्यांदा. कुणीतरी थोर माणसाने पाठीवर हात ठेवून, जा, करून टाका सही, म्हणावं असं. इथे काही कुणी फाशी देत नाही, तुरुंगात टाकत नाही, इथे चहा पाजतात, मग एवढं काय, असंही तिने स्वतःला ऐकवलं. बाईंच्या गोष्टीशी आपलं काही जोडायची गेल्या आठवड्यात तिला लाज वाटत होती आणि आता सोयीची तेवढी बाजू ती बिनदिक्कत उचलत होती, हे तिला कळत होतं. कळून काय उपयोग?

संध्याकाळी गिरीश आला, जेवला नाही, मखरासमोरच्या खुर्चीत बसला. ईरा आतल्या खोलीत दार लावून अभ्यासाला. विभावरीने दार नीट लागलंय ना ते पाहिलं आणि म्हणाली, "गिरीश, करून टाक सही." त्याने मान वर केली. तो असा बघेल हे तिला ठाऊकच होतं. "तू म्हणतेस हे?" "हो, मीच म्हणतेय. ईराची बारावी आहे. तुझा आरपी गेला तर आम्ही कुठे? मार्चमध्ये परीक्षा, आता मध्येच तिला नाशिकला नेऊन कुठल्या शाळेत बसवू?" "विभा, माझ्या वहीत बारा पन्नास आहे." "वही तुझी आहे. पान फाडता येतं." हे आपण बोललो ह्यावर तिचा तिलाच विश्वास बसेना. गिरीश हळू आवाजात म्हणाला, "तो माझ्याकडे बघत होता गं. ओळखलं त्याने मला. साहेब म्हणाला." ती ईराच्या दाराकडे बघायला लागली, तरी तो थांबला नाही. "तो आपल्या घरी जेवलाय." "मला नको सांगूस कोण कुठे जेवलाय ते!" ती ओरडली, आणि मग आवाज गिळून खाली बसली. मग तिने ते सांगितलं. बाईंचं. कागद, तीन ओळी, फ्रिट्झ, पाटीवरचं दुसरं नाव आणि बहात्तर वर्षं मनात ठेवलेला प्रश्न. सांगता सांगता ती रडली, आणि ते रडू खरं होतं, पण वापरतही होती ती ते. दोन्ही एकदम चालू होतं. "आयुष्यभर आईला माफ नाही केलं तिने, गिरीश. अख्खं जग आरती ओवाळतंय आणि पोटची पोर विचारतेय, का नाही केलीस सही? आपल्या ईराने उद्या असं विचारावं असं वाटतं तुला?" गिरीशने मखराच्या पाइपावर हात ठेवला. सुतळीची गाठ अंगठ्याने दाबून पाहिली. ती घट्टच होती. "बरं," तो म्हणाला. एवढ्या लवकर म्हणाला की तिला धक्काच बसला. त्याला कुणीतरी हे म्हणायलाच हवं होतं की काय? तीन दिवस तो 'नाही' म्हणत होता तो कुणाच्या जिवावर? आपण 'नको करूस' म्हणू ह्या भरवशावर तर नव्हे? तो विचार तिला सोसवेना. ती उठली आणि आमटी गरम करायला ठेवली.

गुरुवारी ती दहाला बाईंकडे पोचली तेव्हा बाई तिची वाटच बघत होत्या. कॉफीला हात लावला नव्हता. "कालचं शेवटचं वाक्य काढा," बसायच्या आधीच म्हणाल्या. "कोणतं?" विभावरीने विचारलं, ठाऊक असून. "सहीचं. का नाही केलीस, ते." तिने लॅपटॉप उघडला. "पण तुम्हाला तसं वाटतं, म्हणालात." "वाटतंच. मरेपर्यंत वाटेल. फ्रिट्झची पावलं मी अजून ऐकते ह्या फरशीवर." बाईंनी न दिसणारे डोळे तिच्याकडे वळवले. "मनात असलं तर ते माझं आहे. पुस्तकात गेलं की ते कुणाचंही होतं. कागद पुढे सरकवणारी माणसं जगातून संपलेली नाहीत, विभावरी. खुर्ची देतात, गोड बोलतात. त्यांच्या हातात माझं वाक्य आयतं नको पडायला. बघा, पोटच्या मुलीसुद्धा असंच म्हणतात, असं म्हणून ती माणसं ते कुणाला तरी वाचून दाखवतील." विभावरीने ते वाक्य पुसलं. शेवटाकडून एक एक शब्द गेला, सुरुवातीच्या 'का'पर्यंत, मग तोही गेला. "गेलं?" बाईंनी विचारलं. "गेलं." "नक्की?" "नक्की." मग ती पाणी पिऊन येते म्हणून उठली, स्वयंपाकघरात गेली आणि फोन लावला. आधी वाजत राहिला. परत लावला. गिरीशने उचलला, मागे यंत्रांचा आवाज. "गिरीश, थांब. थांब जरा. सही करू नकोस." पलीकडे पत्र्यावर काहीतरी आपटत होतं. "झाली," तो म्हणाला. "नऊलाच झाली. तेवढं उरकून मग फिरतीवर आलोय." "आणि वही?" "वहीही त्यांनीच घेतली. नवी दिली." तिने नळ सोडला आणि तसाच बंद केला. "का गं? काय झालं?" "काही नाही," ती म्हणाली, "दही आणायचं राहिलंय, येताना आण." परत येऊन बसली. दुपारी बारापर्यंत बाईंनी चेरीच्या झाडांबद्दल सांगितलं आणि तिने ते एकही चूक न करता उतरवलं.

शुक्रवार. गणपती तीन दिवसांवर, मखर अर्धवट. गिरीश सकाळपासून ते पूर्ण करायला बसला होता. त्याला सुतळी नीट बांधता येत नव्हती. त्याच्या गाठी पुन्हा पुन्हा सुटत होत्या आणि तो चिडत नव्हता, हे जास्त वाईट होतं. त्याचा फोन टेबलावर वाजायला लागला. भारतातला नंबर. तो उठला नाही. थांबला, पुन्हा वाजला. ईरा नाश्ता करत होती, म्हणाली, "बाबा, युअर फोन." गिरीश सुतळीच सोडवत बसला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा विभावरीने उचलला. "हॅलो, साहेब हायत का? म्या पोपटराव बोलायलोय. देवीदासचा बाप." तिने गिरीशकडे पाहिलं. त्याने मान हलवली, नाही म्हणून. "ते बाहेर गेलेत," ती म्हणाली. "मी त्यांची मिसेस बोलतेय. देवीदास आमच्याकडे यायचा." "हां हां, ताई! ताई म्हणायचा बगा त्यो. लई सांगायचा तुमचं. मखराचं सांगायचा." आवाज शांत होता, रडून रडून कोरडा पडलेला. "ताई, पेटी उद्या निगणार म्हणलेत. कंपनीचा फोन आलता. झोपेत गेला म्हणं. एक इचारू का?" "विचारा ना." "खरंच झोपेत गेला का वो? माझी मालकीण लई घोर करायली. ती म्हणती, उन्हातानात तर न्हवतं माझं लेकरू?"

आत्ता. हाच तो क्षण, विभावरीला कळलं. आत्ता तोंड उघडून म्हणायचं, काका, बारा पन्नास. सही झाली तर झाली, वही गेली तर गेली, दोन माणसांच्या डोक्यात तरी ती वेळ अजून आहे. ईरा चमच्याने वाटी खरवडत होती. तो आवाज तिला फार मोठा वाटला. "नाही हो," ती म्हणाली. "एसी होता. जेवून पडला होता." "जेवला व्हता?" "हो. पोटभर." "बरं झालं बया," पोपटराव म्हणाले आणि मागे कुणाला तरी सांगितलं, जेवला व्हता, म्हणायलेत. मागून बाईमाणसाचा आवाज आला. "ताई, ही इचारती, शेवटचं पाणी मिळालं का त्याला? कुणी तोंडात घातलं का पाणी?" विभावरीने डोळे मिटले. रिकामा कॅन. ठणठणीत रिकामा. कागदात ह्याबद्दल काहीच नव्हतं. हे तर कुणी मागितलंही नव्हतं तिच्याकडे. "घातलं," ती म्हणाली. "ह्यांनी घातलं. स्वतःच्या हाताने." गिरीशच्या हातातून सुतळीचा गुंडा सुटला आणि घरंगळत सोफ्याखाली गेला. पलीकडे पोपटराव रडत होते, पण ते रडणं वेगळं होतं, सुटल्यासारखं. "लई उपकार झाले, ताई. लई उपकार. देव तुमच्या लेकराबाळांस्नी सुखात ठिवो. ही म्हणती, नाव इचारा. तुमचं नाव काय, ताई? रोज देवाम्होरं दिवा लावताना नाव घ्यावं म्हणती तुमचं."

विभावरी खिडकीशी गेली. समोर पत्रे, क्रेन, ऊन. सुट्टीच्या दिवशीही क्रेनचा हात सावकाश फिरत होता. लातूरकडच्या त्या घरात रोज संध्याकाळी एक बाई दिवा लावणार, हात जोडणार आणि आपलं नाव घेणार. रोज. आपण म्हातारे होऊ तोवर. "ताई? हायसा का?" "आहे," ती म्हणाली. "नुपूर. नुपूर म्हणतात मला." "नुपूरताई," पोपटरावांनी एकदा म्हणून पाहिलं, मागे सांगितलं, आणि मागून त्या बाईनेही ते म्हटलं, नीट, चुकू नये म्हणून दोनदा. फोन बंद झाला. गिरीश खाली बघत होता. त्याला नाव आठवलं असणार; त्यानेच तर तांदळावर ते बदललं होतं. पण तो सोफ्याखाली हात घालून गुंडा शोधत राहिला. ईरा वाटी घेऊन सिंककडे जाता जाता थांबली.

"आई, हू इज नुपूर?"

"कोणी नाही," विभावरी म्हणाली. "ती वाटी विसळून ठेव."